कुकारा

मी हरलेल्या बाजूचा माणूस. आधीच सांगून ठेवतो,
म्हणजे पुढचं वाचताना थोडी सूट द्याल.

दर्याजोडचा मी जिल्हा व्यवस्थापक होतो.
अकरा कोटी भांडवल, निळे टीशर्ट,
चारशे छत्र्या, त्यांवर हसरं पापलेट.
बाणेरच्या काचेच्या खोलीत एकाच दिवशी
डहाणूपासून रेडीपर्यंत नकाशाला टाचण्या टोचल्या.
"अख्खा किनारा," साहेब म्हणाले, "एका बोटाखाली."

पहिल्या आठवड्यात नऊ हजार लोक आले.
श्रीवर्धनच्या एकाने लिहिलं, नमस्कार मंडळी.
आसपास मंडळी नव्हती.
वेंगुर्ल्याच्या कुणी सुरमईचा फोटो टाकला,
तो डहाणूतल्या दोघांनी पाहिला.
त्यांना काय त्याचं.
तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात,
आमचा नऊ दिवस टिकला, छत्र्यांमुळे.

तेव्हा साखरीनाट्यात तबस्सुम सोलकर
बापाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात
गल्ल्यामागे बसून चाळीस माणसं सांभाळत होती.
चाळीसच. सगळी एका जेटीची.
तिचं ॲप दिसायला वाईट, हिरव्यावर पिवळं.
नाव कुकारा.
विषय तीन: बर्फ, डिझेल, आणि नोझल कुणाकडे आहे.

पहाटे तीनला कुणी विचारी, बरफ आलाय काय?
ही अंथरुणातून कारखान्याला फोन लावी
आणि पाच मिनिटांत लिही:
आला. लाद्या बारीक आहेत, बघून घ्या.
दोन महिने बहुतेक उत्तरं तिचीच.
मग एका पहाटे ती तापाने झोपून राहिली
आणि उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं.
कंपनी त्या दिवशी सुरू झाली, असं ती म्हणते.
कागदावर तारीख वेगळी आहे.

देवगडवाले म्हणाले, आम्हालाही घे.
ती म्हणाली, एकेकटे नको. वीसजण मिळून या,
एकमेकांची उधारी ठाऊक असलेले.
त्यांना पाच महिने लागले. ती थांबली.
तेवढ्यात आम्ही सात वेळा रंग बदलला.

हरेश्वर जुवाटकरने एकदा बांगड्याचा भाव खोटा टाकला,
दोन होड्या फसल्या.
आमच्याकडे असता तर नियम चौदा, खातं बंद.
तिने काढलं नाही.
महिनाभर रोजचा भाव तूच लिहायचास, म्हणाली,
नावानिशी. चुकलास तर इब्राहिमचाचा आहेत.
चुकला नाही.
आता त्याच्या आकड्यावर व्यापारी
कोल्हापूरहून गाडी सोडतात.

मग आम्ही तिचं सगळं उचललं.
भावफलक उचलला, घंटेचा आवाजसुद्धा.
हुबेहूब बसवलं.
फक्त इब्राहिम भाटकर बसवता येईना,
जो प्रत्येक नव्याला विचारतो,
तू कुणाचा? होडीचं नाव काय?
आणि चौथ्या दिवशी त्या नावाने हाक मारतो.

गेल्या मार्चात दर्याजोड मिटलं.
साहेब आता बंगळुरात
कुत्र्यांच्या मालकांना एकमेकांशी जोडतात.
माझ्याकडे दोनशे साठ छत्र्या उरल्या.

त्या घेऊन मी नाट्याला गेलो, का ते विचारू नका.
तबस्सुम नोझल पुसत होती. मान वर न करता म्हणाली,
विकायच्यात ना? मग टाक की कुकाऱ्यावर.
मी टाकलं. खाली माझं नाव.

वाटलं, आता शिव्या येतील.
चार मिनिटांत तिघांचं उत्तर आलं.
एकाने विचारलं, दांडा लोखंडी की ॲल्युमिनियम?
एकीला जाळी विणायला बसणाऱ्या बायकांसाठी
बारा हव्या होत्या, घासाघीस करून.

तिसरा इब्राहिम भाटकर.
दोन वर्षांपूर्वी मुसाकाझीच्या चढावर
त्यांनी मला एकदाच धक्का मारला होता.
छत्रीबद्दल अक्षर नाही. एवढंच,

तुजी मोटारसायकल अजून गळते काय रे?